आमदार गुरुवारी येतायत, दवाखान्यासाठी काय मागावं?

मुक्काम_पोस्ट | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे.

येत्या गुरुवारी आमचे आमदार ज्येष्ठ नागरिक संघात येणार आहेत. निवडणुकीनंतर पहिल्यांदाच. हार-नारळ, चहा-पोहे आणि मग 'आरोग्यविषयक निवेदन' असा बेत आहे. निवेदन लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण मी तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं. अध्यक्षांनी बजावलंय, एका पानाच्या वर जायचं नाही, साहेब वाचत नाहीत.

कच्चा मसुदा असा: ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं आहे, ते ५० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय करा. आमदार निधीतून एक रुग्णवाहिका द्या. डायलिसिस सुरू करा. वर्षातून दोनदा मोफत शिबिर घ्या.

लिहून झालं आणि मलाच ते रुखवताच्या यादीसारखं वाटायला लागलं. त्याला कारण गेल्या महिन्यातली गोष्ट. शेजारचे अण्णा ओट्यावरून घसरले. सकाळी अकराची वेळ, त्यांना रिक्षात घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं. सिस्टर भली बाई, धावत आली. पण एक्स-रेच्या खोलीला कुलूप आणि दारावर वहीच्या पानावर लिहिलेलं, 'तंत्रज्ञ सोम-बुध-शुक्र प्रतिनियुक्तीवर'. म्हणजे त्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात पाठवलेला. वार बुधवार. पलीकडच्या खोलीत सोनोग्राफीचं मशीन होतं, कारखान्यातून आलेलं प्लास्टिक अजून अंगावर, वर कुणाचा तरी जेवणाचा डबा ठेवलेला. बाहेर भिंतीवर लोकार्पणाची संगमरवरी पाटी, तिच्यावर नऊ नावं. मी मोजली, कारण अण्णा कण्हत होते आणि जीप येईपर्यंत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. जिल्ह्याला ४२ किलोमीटर. खुब्याचं हाड मोडलं होतं.

तर प्रश्न दोन. आमदाराने आरोग्याच्या बाबतीत सगळ्यात आधी काय करावं? आणि मुळात त्याच्या हातात असतं काय?

---

कट्टेकरी | रविवार, रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर प्रतिसाद सवडीने.

---

अमृततुल्य | रविवार, रात्री १०:०५

नऊ नावं आणि एक मशीन. त्या नऊ जणांनाच पाळीपाळीने चालवायला बसवा.

शिबिराबद्दल सांगतो. आमच्याकडे दर वाढदिवसाला होतं. बीपी बघतात, साखर बघतात, चष्म्याची चिठ्ठी देतात, चष्मा मात्र पुढच्या वाढदिवसाला. आमच्या आत्याची साखर सलग तीन शिबिरांत ३०० च्या वर निघाली. तिन्ही वेळा 'डॉक्टरांना दाखवा' असं सांगितलं. सांगणारेही डॉक्टरच होते.

---

झेडपी_निवृत्त | रविवार, रात्री ११:१८

मुपो सर, आरोग्य खात्यात बत्तीस वर्षं कारकुनी केली, त्या अधिकाराने बोलतो.

निवेदन लिहिण्याआधी मालक कोण ते बघा. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, त्यांचा सचिव वेगळा. शहरात महापालिका. निम्मी निवेदनं चुकीच्या टेबलावर जातात आणि 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' या शेऱ्यासह दोन महिन्यांनी दुसऱ्या टेबलावर येतात. मी स्वतः अशी शेकडो पाठवली आहेत, पाप कबूल.

आता तुमचं ३० चं ५०. त्याला आम्ही श्रेणीवर्धन म्हणतो आणि आमदारांना ते फार आवडतं. मंजुरीची बातमी येते, मग भूमिपूजन, मग बांधकाम, मग लोकार्पण, असे चार हार. पण इमारतीची मंजुरी वेगळी आणि पदांची वेगळी. पदं वाढवायची तर सुधारित आकृतीबंध, म्हणजे मंजूर पदांचा तक्ता लागतो, तो वित्त विभागात जातो आणि तिथे झोपतो. तोवर ५० खाटांच्या इमारतीत ३० खाटांचा स्टाफ, त्यातली निम्मी पदं रिकामी, उरलेल्यातले दोघे प्रतिनियुक्तीवर. खाट म्हणजे लोखंड, साहेब. माणसं मागा.

---

रानपाखरू | रविवार, रात्री ११:३१

"खाट म्हणजे लोखंड, माणसं मागा"

हे निवेदनाचं शीर्षकच करा.

---

बॉण्डवाली_डॉक्टर | सोमवार, सकाळी ७:१५

रात्रपाळी संपवून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

एमबीबीएसनंतर सरकारी कॉलेजवाल्यांना एक वर्ष सरकारी सेवेचा बॉण्ड असतो, नाहीतर दहा लाख दंड. मी तो एका आदिवासी तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात केला. नियमाने ३० हजार लोकसंख्येला एक केंद्र, आदिवासी-डोंगरी भागात २० हजाराला. माझ्याकडे कागदावर दोन डॉक्टर होते. दुसरा मी कधी पाहिला नाही.

"डॉक्टर खेड्यात जात नाहीत" असं सगळे म्हणतात. मी गेले होते. क्वार्टरचं छत गळायचं, म्हणून पलंग दाराजवळ ओढला होता. बोअरला मोटर नव्हती, शिपाईमामा सायकलवरून दोन घागरी आणायचे. रात्री बाळंतपण आलं की आधी इन्व्हर्टर बघायचा, मग बाई. एकदा भरपावसात पोरगा आला, मण्यार चावलेला. सर्पदंशाची लस होती, पण बाटल्या सहा. अशा वेळी सुरुवातीलाच आठ-दहा लागतात. सहा दिल्या, अंबू बॅग (श्वास द्यायची पिशवी) हाताने दाबत दीड तास जीपमध्ये बसले. वाचला. आता मला फोन करून दहावीचे मार्क सांगतो.

महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर जे काम केलं, ते जगभर वाचलं गेलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पीएचसी ही इतकी ताकदीची जागा आहे. आमदाराला एवढंच सांगा, क्वार्टरला पाणी, छप्पर आणि दाराला कडी द्या. आमदार निधी वर्षाला पाच कोटी असतो, त्यातल्या एका स्वागत कमानीच्या पैशात हे होतं.

आणि सर, ते सोनोग्राफी मशीन. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली नोंदणी आणि पात्र डॉक्टर नसेल तर ते सुरू करणं गुन्हा आहे. म्हणजे डबा ठेवला ते कायदेशीरच झालं.

---

पाचशे_एक | सोमवार, सकाळी ९:०२

डॉक्टर ताई, दंडवत. तो मण्यारवाला प्रसंग वेगळा लिहाच. पुलेशु.

---

डोंगरकपार | सोमवार, दुपारी १२:४४

मी मेळघाटातली, धारणी तालुका. आई आशा वर्कर आहे, १७ वर्षं झाली.

वर सगळे दवाखान्यात काय असावं ते बोलतायत. आमच्याकडे प्रश्न दवाखान्यापर्यंत कसं जायचं हा असतो. १०८ ला फोन लावायचा तर आधी टेकडीवर रेंजमध्ये जावं लागतं. राज्यात २०१४ ला १०८ सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या आल्या, चांगलं काम झालं, नाकारत नाही. पण गाडी डांबरापर्यंत येते, पुढे खाट आणि चार माणसं. पावसाळ्यात नाल्याला पाणी असलं की तेही नाही. म्हणून दिवस भरत आलेल्या बाईला आई आठ दिवस आधीच केंद्राजवळ नेऊन ठेवते, कुणाच्या तरी ओसरीवर. तिथे जेवणाचं कोण बघणार? बहुतेक वेळा आईच.

लोक भूमकाकडे, म्हणजे गावातल्या वैदूकडे जातात म्हणून शहरातले हसतात. भूमका रात्री दोन वाजता घरी असतो, उधारीवर बघतो आणि कोरकूत बोलतो. यातली एक तरी गोष्ट सरकारी डॉक्टरला जमवा, मग हसा.

आशांना संप करावा लागला तेव्हा कुठे २०२३ च्या नोव्हेंबरपासून मानधनात पाच हजारांची वाढ मान्य झाली आणि प्रत्यक्ष जीआर यायला मार्च उजाडला. आझाद मैदानात आई थंडीत बसली होती. आमदार भेटायला आले, फोटो काढला, घोषणा पण दिल्या. वाईट माणूस नाही तो. पण ठरवणाऱ्यांच्या बाजूला बसतो आणि मागणाऱ्यांच्या बाजूने घोषणा देतो, हे मला समजत नाही.

---

रानपाखरू | सोमवार, दुपारी १:१०

+१. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंगांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. गावातली शिकवलेली बाई बाळ वाचवू शकते हे पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याच राज्यात सिद्ध झालंय. तिला वेळेवर पैसे द्यायला आपण अजून मैदानं भरवतो.

---

लेखणीबहाद्दर | सोमवार, दुपारी ३:२६

सगळ्यांचा आदर ठेवून असहमत.

क्वार्टरची कडी, नाल्यावरचा पूल, एक्स-रेचा माणूस ही आमदाराची कामं नव्हेत. आमदार म्हणजे विधानसभेचा सदस्य. कायदे करणं, अर्थसंकल्प तपासणं, सरकारला प्रश्न विचारणं हे त्याचं काम. सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत आहेत, म्हणजे दिल्लीकडे बोट दाखवायची सोय नाही. आणि आपण त्याच्याकडून नळ जोडून घेतो.

राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. डॉक्टरांनी प्रचंड आंदोलन केलं, सरकारला तडजोड करावी लागली, पण निदान विधानसभेत त्यावर भांडण झालं. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही. आपलं अजून १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यावर चाललंय. २०२१ मध्ये त्याचे नियम बदलले, दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. तुमच्या गावात किती ठिकाणी लावलीय? आणि २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी २०२० पर्यंत बजेटच्या आठ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावा असं होतं. आपण त्याच्या आसपासही नाही. २८८ पैकी किती जण यावर उभे राहून बोलले?

निवेदनात हे लिहा.

---

अमृततुल्य | सोमवार, दुपारी ३:३५

मुपो सर, लिहा की. "मा. आमदार साहेब, सातव्या अनुसूचीतील राज्यसूची, नोंद सहा पाहावी." साहेब पोहे अर्धे टाकून उठतील.

---

झेडपी_निवृत्त | सोमवार, सायंकाळी ६:५०

@लेखणीबहाद्दर, तत्त्व बरोबर. पण प्रश्न विचारणं आणि एक्स-रेचा माणूस ही दोन वेगळी कामं नाहीत हो. हे बाहेरच्यांना दिसत नाही म्हणून सांगतो.

अधिवेशन लागलं की आमच्या ऑफिसचा रंग बदलायचा. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न आला की मंत्रालयातून फोन, 'आज सायंकाळपर्यंत माहिती पाठवा.' एरवी जे रजिस्टर कपाटामागे पडलेलं असतं ते साहेब स्वतः झटकून काढतात. रात्री दहापर्यंत चहा आणि टायपिंग. रिक्त पद दाखवायची लाज वाटते म्हणून एकदा आमच्या साहेबांनी अधिवेशनाच्या तोंडावर तीन प्रतिनियुक्त्या रद्द केल्या. पुढचे सहा महिने ती माणसं जागेवर होती. निवेदनाने जे चार वर्षांत झालं नव्हतं ते चार ओळींच्या प्रश्नाने झालं.

त्या प्रश्नांची भाषा ठरलेली असते. 'हे खरे आहे काय, असल्यास...; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' उत्तरंही ठरलेली. 'हे खरे नाही', 'प्रश्न उद्भवत नाही', आणि आमचं सगळ्यात लाडकं, 'हे अंशतः खरे आहे'. बत्तीस वर्षांत मी हे वाक्य इतक्यांदा टाइप केलंय की लग्नाला तीस वर्षं झाली तेव्हा बायकोने विचारलं, सुखात आहात ना, तर तोंडातून हेच आलं.

---

कट्टेकरी | सोमवार, सायंकाळी ७:०१

काका, काकूंचं उत्तर काय आलं? तेही पटलावर ठेवा.

---

सह्याद्री_ते_सागर | सोमवार, रात्री ८:२०

सिंधुदुर्गातून. आमचा दवाखाना दुसऱ्या राज्यात आहे, ही व्यथा कुणाला सांगायची?

दोडामार्ग-सावंतवाडीकडे काही गंभीर झालं की गाडी बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात. वर्षानुवर्षं तसंच. २०१८ पासून गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गात मोठं आंदोलन झालं. गोंयकारांवर राग नाही, त्यांची चाळीस आमदारांची विधानसभा त्यांच्या माणसांचं बघणार, त्यांनी का म्हणून आमचा भार उचलावा? आमच्या माणसांना आमच्या जिल्ह्यात उपचार का मिळत नाहीत, हे आमच्याच आमदारांना विचारायला पाहिजे होतं. आता ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज आलंय. अजून घरात कुणाच्या छातीत दुखलं तर तोंडातून आधी 'बांबोळी' येतं, ती सवय जायला वेळ लागेल.

---

मिशिगनवाली | सोमवार, रात्री १०:४७

थोडं अवांतर. इथे मिशिगनमध्येही राज्याची विधानसभा असते, खालच्या सभागृहात ११० जण, दर दोन वर्षांनी निवडणूक. आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार आधी तिथेच होते, २०२३ पासून वॉशिंग्टनला अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये गेले.

इथल्या राज्य आमदाराच्या हातात काय असतं त्याचं उदाहरण म्हणजे मेडिकेड, गरिबांसाठीची सरकारी योजना. ओबामांच्या कायद्याने ती जास्त लोकांना द्यायची होती, पण २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते राज्यांच्या मर्जीवर सोडलं. मिशिगनने २०१४ मध्ये विस्तार केला. आतापर्यंत ४० राज्यांनी केलाय, बाकीच्यांनी नाही. सीमेच्या एका बाजूला उपचार, दुसऱ्या बाजूला नाही, आणि मधे बऱ्याच ठिकाणी विधानसभेतलं मतदान. त्यामुळे इथे लोक आमदाराचा मतदानाचा इतिहास काढून बसतात. माझ्या शेजारणीने एकदा प्रचाराला आलेल्या बाईला दारातच विचारलं होतं, अमुक विधेयकावर तू कुठे होतीस?

---

अमृततुल्य | सोमवार, रात्री १०:५५

आमच्याकडे पण विचारतात, "मागच्या वेळी कुठे होतात?" पण ते पक्षाबद्दल असतं. (ह. घ्या.)

---

पांढरा_कोट | मंगळवार, सकाळी ८:४०

तालुक्याच्या गावी २० खाटांचं खासगी हॉस्पिटल आहे माझं. आम्ही सगळे लुटारू, हे गृहीत धरूनच वाचा.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डांना, कुटुंबाला वर्षाला पाच लाख. बॅनर गावोगाव. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा दीड लाख होतं, नाव राजीव गांधी जीवनदायी होतं. योजना चांगली आहे, माझं हॉस्पिटलही तिच्यात अंगीकृत, म्हणजे सामील होतं. पण पॅकेजचे दर आणि भूल, औषधं, पगार यांचा हिशेब जुळेना, आणि दावे मंजूर होऊन पैसे यायला महिने लागायचे. शेवटी बाहेर पडलो. आता पेशंट कार्ड घेऊन येतो, मी नाही म्हणतो, आणि तो समजतो डॉक्टर माजलाय. आमदारांनी बॅनर लावण्याआधी एवढंच विचारावं, माझ्या तालुक्यात किती हॉस्पिटलं यात आहेत? हाडाचं ऑपरेशन कुठे होतं? जवळचं किती किलोमीटरवर? अण्णांच्या बाबतीत तेच झालं असणार.

---

मुक्काम_पोस्ट | मंगळवार, सकाळी ९:३०

@पांढरा_कोट, बरोबर ओळखलंत. तालुक्यात एकही नाही. जिल्ह्याला झालं, योजनेतून झालं, रुपया लागला नाही. आरोग्यमित्राने कागदांची चार वेळा फेरी मारायला लावली, पण मुलगा वागायला चांगला होता. जीप, जेवण आणि मुलाची बुडलेली मजुरी मात्र कुठल्याच योजनेत बसत नाही.

---

बाभूळबन | मंगळवार, दुपारी १:१५

मुंबईतला अनुभव. आमच्याकडे आमदार म्हणजे पत्र. धर्मादाय रुग्णालयात खाट हवी, आमदाराचं पत्र. मुख्यमंत्री सहायता निधी, आमदाराचं पत्र. त्यांच्या कार्यालयात एक मुलगा दिवसभर फक्त हीच पत्रं देतो. चेहऱ्यावर थकवा, टेबलावर शिक्का.

आणि खरं तर धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देणं बंधनकारक आहे. २००६ मध्ये हायकोर्टाने योजना आखून दिली, बिलांच्या दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड पुरतं. पत्राची गरज नाही! पण माणूस हक्क म्हणून गेला तर 'खाट नाही', पत्र घेऊन गेला तर 'बघतो'. मग आमदाराला हा हक्क सुरळीत व्हावा असं का वाटेल? लोकांनी रांग लावणं त्याच्या सोयीचं आहे.

---

डोंगरकपार | मंगळवार, दुपारी १:४०

@बाभूळबन, पटलं, पण ज्याच्या घरात पेशंट आहे त्याला पत्र घेऊ नको असं सांगायची माझी हिंमत नाही.

---

बाभूळबन | मंगळवार, दुपारी १:५२

माझीही नाही. सासऱ्यांच्या वेळी मीच रांगेत होतो.

---

पाचशे_एक | मंगळवार, सायंकाळी ५:०५

एक साधी गोष्ट. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे. आमच्या मामांना माहीतच नव्हतं, ते खिडकीवर सवयीने सुट्टे पैसे धरून उभे. केसपेपर फुकट मिळाला. आत गेल्यावर बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी मिळाली, सहाशे ऐंशीची.

---

झेडपी_निवृत्त | मंगळवार, सायंकाळी ७:३०

औषध खरेदी हे वेगळं पुराण. आधी खातं घ्यायचं, २०१७ नंतर हाफकिन या सरकारी कंपनीकडे दिलं, ते जमलं नाही म्हणून २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र खरेदी प्राधिकरण केलं. तमिळनाडूने असं महामंडळ नव्वदच्या दशकातच उभं केलं होतं, आपण तिथे पोचायला तीस वर्षं घेतली. @लेखणीबहाद्दर, ही तुमच्या आमदारांची कामं. औषध संपलंय हे सिस्टरला माहीत असतं, का संपलं ते विधानसभेतच विचारावं लागतं.

मुपो सर, तुमचा गुरुवार आला. निवेदन राहू द्या. मी प्रश्नच लिहून देतो, साहेबांनी खाली सही करायची आणि अधिवेशनाला द्यायचा:

'(१) ... तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयातील क्ष-किरण तंत्रज्ञ आठवड्यातून तीन दिवस प्रतिनियुक्तीवर असल्याने रुग्णांना ४२ कि.मी. अंतरावरील जिल्हा रुग्णालयात जावे लागत आहे, हे खरे आहे काय. (२) असल्यास, सदर रुग्णालयात मंजूर, भरलेली व रिक्त पदे संवर्गनिहाय किती आहेत. (३) असल्यास, सोनोग्राफी यंत्र केव्हापासून वापराविना आहे व ते सुरू करण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

---

लेखणीबहाद्दर | मंगळवार, सायंकाळी ७:४८

काका, मुजरा. यात माझी सातवी अनुसूची पण आली आणि एक्स-रेचा माणूस पण.

---

बॉण्डवाली_डॉक्टर | मंगळवार, रात्री ११:२०

(५) तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या निवासस्थानांना पाणी आहे काय? घालाच.

---

कट्टेकरी | बुधवार, सकाळी १०:००

सविस्तर प्रतिसाद देणार होतो, पण सगळं बोलून झालं. रुमाल उचलतो.

---

मुक्काम_पोस्ट | शुक्रवार, सकाळी ८:१०

वृत्तांत.

साहेब दीड तास उशिरा आले. पोहे गार. काकांचा मसुदा मी सुवाच्य अक्षरात एका पानावर लिहिला होता, पाचवा मुद्दा धरून. डोंगरकपार, तुमचं ऐकून सहावी ओळ मी आशांच्या थकीत मानधनाची घातली, आमच्याकडेही तीच रड आहे. रुग्णवाहिका, शिबिर काढून टाकलं. अध्यक्ष नाराज, म्हणाले, "सर, हे निवेदन नाही, परीक्षेचा पेपर आहे."

साहेबांनी मात्र वाचलं. उभ्या उभ्या, पूर्ण. मग तिथूनच वैद्यकीय अधीक्षकांना फोन लावला, स्पीकरवर. "तो एक्स-रेवाला कुठे पाठवलाय?" पलीकडून शेजारच्या तालुक्याचं नाव आलं. "कुणाच्या सांगण्यावरून?" दोन सेकंद शांतता. "साहेब, तिकडच्या आमदारांचं पत्र होतं. त्यांचं पद रिक्त आहे."

संघातले सगळे हसले, साहेबही हसले. मग फोन बंद करून माझ्याकडे बघून म्हणाले, "सर, मी पत्र दिलं तर तो इकडे येईल आणि तिकडच्या म्हाताऱ्याला तुमच्याकडे यावं लागेल." हे त्यांना सुचलं याचं मला खरंच बरं वाटलं. कागद त्यांनी घडी करून स्वीय सहायकाकडे न देता स्वतःच्या खिशात ठेवला. अधिवेशनात दोन्ही तालुक्यांचं मिळून विचारतो म्हणाले. जाताना दारात अण्णा वॉकर घेऊन उभे होते, त्यांच्याबरोबर फोटो झाला.

---

अमृततुल्य | शुक्रवार, सकाळी ८:२२

म्हणजे सर, काम झालं म्हणायचं?

---

मुक्काम_पोस्ट | शुक्रवार, सकाळी ८:३०

हे अंशतः खरे आहे.